मद्यपाशमुक्तीची बैठक : ती कोठे भरते, कशी शोधावी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलताना विषय शिक्षणाचा, साहित्याचा किंवा इतिहासाचा असावा, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. मी निवडलेला विषय या व्यासपीठाला प्रथमदर्शनी विजोड वाटेल. दारूच्या व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या माणसाला आपल्या गावाजवळ समदुःखी माणसांची बैठक कशी सापडते, एवढाच हा विषय आहे. दारूबंदीचे राजकारण किंवा नीतिअनीतीचा ऊहापोह मला येथे करावयाचा नाही.

फोंडा तालुक्यात वैद्यकीचा व्यवसाय करताना एक गोष्ट माझ्या वारंवार नजरेस आली. दारू सुटावी असे वाटणारी माणसे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत. परंतु तसे वाटण्याचा क्षण फार आखूड असतो. रात्रीचा पश्चात्ताप सकाळी हात थरथरू लागेपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्या अर्ध्यापाऊण तासात जवळच्या कोणाकडे तरी बैठकीचा पत्ता, वार आणि वेळ असली तर माणूस घराबाहेर पडतो. नसली तर तो क्षण निघून जातो आणि पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तो पत्ता आधीपासून ठाऊक असणे हे पिणाऱ्याच्या भोवतालच्या माणसांचे काम आहे, असे माझे प्रतिपादन आहे. पुढील विवेचन त्यासाठीच.

सोडलेल्यांचे मंडळ

मराठी माणसापुढे दारूचा विषय निघाला की राम गणेश गडकरी यांचे १९१९ साली रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' आठवल्यावाचून राहत नाही. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. त्याला सिंधूसारखी पत्नी आहे, रामलालसारखा मित्र आहे. दोघेही निर्व्यसनी, दोघेही त्याच्यावर जीव टाकणारे. तरीही सुधाकर बुडतो. आज ते नाटक वाचताना एक गोष्ट मनात भरते. पिणाऱ्यांचे मंडळ नाटकात आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात थट्टामस्करी आहे, आपलेपणा आहे, नव्याने येणाऱ्याचे स्वागत आहे. पण सोडलेल्यांचे मंडळ कोठेच नाही. सुधाकराला उपदेश करणारे भेटतात, त्याच्यासाठी अश्रू ढाळणारे भेटतात; "मीही असाच पीत होतो आणि आज पीत नाही" असे सांगणारा एकही माणूस भेटत नाही. हा नाटककाराचा दोष नव्हे. त्या काळी असे मंडळ आपल्याकडे परिचितच नव्हते.

आपल्या परंपरेत याच्या जवळपास जाणारी एक वाट मात्र होती आणि आजही आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतील. यात श्रद्धेचे बळ आहेच. त्याबरोबर दिंडीच्या सोबतीचेही आहे. माळकऱ्याची संगत बदलते, संध्याकाळ भरून निघते, आणि माळ गळ्यात असताना कोणी त्याला आग्रहही करीत नाही. व्यसन संगतीने लागते तसे सुटायलाही संगत लागते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. ज्याला माळ मानवते त्याने ती अवश्य घालावी. ज्याला ती वाट आपली वाटत नाही त्याच्यासाठी विसाव्या शतकात आणखी एक वाट निघाली.

एका दूरध्वनीची हकिकत

११ मे १९३५ हा दिवस. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मेफ्लॉवर नावाच्या हॉटेलात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ उभा होता. शेअर बाजाराच्या व्यवसायातील एका कामासाठी तो आला होता आणि ते काम फसले होते. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. खिशात पैसे थोडे, शहर परके, एका बाजूला हॉटेलचा बार आणि त्यातून येणारा हास्यविनोद. पुन्हा पिणार अशी भीती वाटताच तो दुसऱ्या बाजूच्या दूरध्वनीकडे वळला. तेथे शहरातील चर्चची यादी लावलेली होती. तिच्यातील एका धर्मोपदेशकाला त्याने दूरध्वनी केला आणि या गावात कोणी दारुड्या माणूस मला बोलायला मिळेल काय, अशी विचारणा केली. त्या धर्मोपदेशकाने काही नावे दिली. एकामागून एक दूरध्वनी करीत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. हे डॉक्टर दारूपायी व्यवसाय गमावण्याच्या बेतात आलेले होते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही असे बजावून ते आले आणि रात्री अकरा वाजेपर्यंत बसले.

डॉक्टरांना आजवर सर्वांनी उपदेश केला होता. हा पहिला माणूस स्वतःविषयी बोलत होता, आणि स्वतः तरून राहण्यासाठी आपल्याला त्यांची गरज आहे, असे सांगत होता. मध्यंतरी डॉक्टर एकदा पुन्हा प्यायले. १० जून १९३५ रोजी घेतलेला घोट त्यांचा अखेरचा ठरला आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. लोकव्यवहारात तिला 'ए.ए.' म्हणतात. लगेच हे दोघे गावातील रुग्णालयात गेले आणि दारूपायी दाखल झालेला तिसरा माणूस त्यांनी शोधून काढला. तोही योगायोगाने वकीलच होता. तो बरा झाला. सुधाकराच्या नशिबी जे नव्हते ते त्याला मिळाले.

ही हकिकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, बैठक शोधण्याची पद्धत नव्वद वर्षांत मुळातून बदललेली नाही. ज्याला गरज आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कोणी तरी, दूरध्वनी करावयाचा. धर्मोपदेशक आणि हेन्रिएटाबाई हे दोघेही पिणारे नव्हते. त्यांचे श्रेय एवढेच की, कोणाला कोणाकडे पाठवावे हे त्यांना ठाऊक होते. मधल्या माणसाचे हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

आपल्याकडील चित्र

ए.ए.चा मूळ ग्रंथ १९३९ साली निघाला, आणि संघटनेच्या कारभाराची बारा तत्त्वे, ज्यांना 'बारा परंपरा' म्हणतात, ती १९५० साली रीतसर स्वीकारली गेली. आज सुमारे १८० देशांत तिच्या बैठका भरतात. भारतात ती गेल्या शतकाच्या मध्यानंतर रुजली आणि तिचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईत आहे. याखेरीज स्वतंत्रपणे उभी राहिलेली कामेही आहेत. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० साली, तर मुंबईत फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन'च्या रूपाने १९८१ साली व्यसनमुक्तीचे कार्य आरंभले. मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव पुण्याच्या 'मुक्तांगण'चे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यास आरंभीचे आर्थिक बळ दिले. उपचार घेऊन गेलेल्या मित्रांसाठी मुक्तांगणने पाठपुराव्याच्या बैठकांची प्रथा पाडली आहे.

तरीही गरज आणि मदत यांत केवढे अंतर आहे पाहा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूसंबंधी मदतीची गरज होती, आणि दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्यांपैकी दर ३८ जणांत एकानेच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार घेतला होता. उरलेले सदतीस जण कोठे आहेत? ते आपल्याच वाड्यांवर आहेत. आपल्या गोमंतकात तर मद्य स्वयंपाकघरात, सणसमारंभात आणि घरगुती औषधातही आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, याचा आपल्याला अभिमानही आहे. अशा ठिकाणी रोज पिणारा माणूस कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो डोळ्यांवर येतो तेव्हा यकृत गेलेले असते, किंवा नोकरी.

नाव झाकणारी संस्था शोधावी कशी?

येथे एक अडचण उभी राहते. ज्या संघटनेचे नावच 'अनामिक' आहे, जी जाहिरात करीत नाही आणि सभासदांची नावे छापत नाही, ती सापडावी कशी? अनामिकतेमुळे तिचा शोध अवघड होतो हे खरे. पण त्याच अनामिकतेमुळे माणूस तेथे जाण्याचे धाडस करतो, हेही तितकेच खरे. लहान गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे घराणे ठाऊक असते. "अमक्याचा मुलगा तेथे दिसला" ही वार्ता बाजारापर्यंत पोहोचणार नाही अशी हमी नसेल, तर कोण जाईल? दार दिसत नसले तरी ते आहे, आणि त्याकडे जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट दूरध्वनीची. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ए.ए.च्या सेवा कार्यालयाकडेही विचारणा करता येते. त्यांचे सभासद पुष्कळदा स्वतः, आणि शक्यतो दोघे मिळून, भेटायला येतात. अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात दोघे गेले होते, तेव्हापासून चालत आलेली ही रीत आहे.

दुसरी वाट रुग्णालयाची. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था, जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभाग आणि खाजगी मनोविकारतज्ज्ञ यांना जवळपासच्या बैठकांची माहिती बहुधा असते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही विचारावे. त्यांना ठाऊक नसेल तर त्या प्रश्नानेच ते शोध घेतील.

तिसरी वाट आवाराची. या बैठका स्वतःच्या इमारतीत सहसा भरत नाहीत. शाळेचा वर्ग, चर्चच्या आवारातील खोली, एखाद्या संस्थेचे सभागृह अशा जागा संध्याकाळी तासदीड तासासाठी भाड्याने घेतलेल्या असतात. म्हणून शाळेच्या शिपायाला किंवा चर्चच्या कार्यालयाला जे ठाऊक असते ते पुष्कळदा पंचायतीला नसते.

चौथी वाट आंतरजालाची. २०२० सालच्या महासाथीत प्रत्यक्ष बैठका थांबल्या तेव्हा संगणकावर व भ्रमणध्वनीवर बैठका भरू लागल्या आणि त्यांतील अनेक पुढेही चालू राहिल्या. ज्या गावी बैठक नाही तेथील माणसाला, घराबाहेर पडणे अवघड असलेल्या स्त्रीला किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्याला हा आधार मोठा आहे. तथापि शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष बैठकीला जावे. एका खोलीत बसून चहा घेण्याने जे घडते ते पडद्यावर पूर्णतः घडत नाही.

दूरध्वनी करताना पाच प्रश्न विचारून घ्यावेत. बैठक कोणत्या वारी, किती वाजता आणि नेमक्या कोणत्या खोलीत भरते? ती खुली आहे की बंद? तेथे कोणती भाषा बोलली जाते? स्त्रिया येतात काय? आणि पहिल्या दिवशी दाराशी कोणी भेटेल काय? यांतला शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. कितीतरी माणसे दारापर्यंत जाऊन परत फिरतात. सहावा प्रश्न स्वतःला विचारावा : बैठक संपल्यावर घरी परतण्यास बस आहे काय? शेवटची बस चुकेल या सबबीवर पुष्कळ चांगले निश्चय मोडलेले आहेत. स्वतःच्या गावात जाण्याचा संकोच वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातील बैठकीला जावे. त्यात गैर काही नाही.

आधी डॉक्टर, मग बैठक

वैद्यक म्हणून एक इशारा येथे दिलाच पाहिजे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, ज्याला सकाळी हाताची थरथर थांबवण्यासाठी घोट लागतो, त्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत घाम, कंप आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना तीव्र भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. वेळीच उपचार न झाल्यास यात मृत्यूही संभवतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व दिल्यास हे टळते. हा आठवडा वैद्यकाचा. त्यापुढची वर्षे बैठकीची.

फसवणुकीपासूनही सावध राहावे. जेवणात नकळत मिसळावयाची 'दारू सोडवणारी' पूड विकली जाते. तिच्यात काय आहे हे ठाऊक नसते, आणि काही औषधे अशी आहेत की ती पोटात असताना दारू प्यायल्यास जिवावर बेतते. माणसाला न सांगता त्याला औषध देणे हा उपचार नव्हे. तसेच मारहाण करणाऱ्या, कोंडून ठेवणाऱ्या तथाकथित केंद्रांपासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि त्यावर उपचार करणाऱ्या आस्थापनेस नोंदणी आवश्यक आहे. दाखल करण्यापूर्वी नोंदणीचा कागद पाहण्यास मागावा.

बैठकीत काय घडते?

न पाहिलेल्या गोष्टीची भीती अधिक वाटते, म्हणून तेथील रीत सांगतो. खुल्या बैठकांना मी श्रोता म्हणून बसलेलो आहे. खुल्या बैठकीला कोणीही, अगदी नातेवाईक, विद्यार्थी वा डॉक्टरही, जाऊ शकतो. बंद बैठक ज्यांना स्वतः पिणे थांबवायचे आहे त्यांच्यासाठीच असते. सभासदत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. अर्ज नाही, शुल्क नाही, हजेरीपट नाही. खुर्च्या मांडलेल्या असतात, कोणी तरी चहा करीत असतो. एक जण सूत्रसंचालन करतो, आणि हे काम आळीपाळीने फिरते. मग एकेक जण स्वतःचे पहिले नाव सांगून आपली हकिकत सांगतो : आधी काय होते, मग काय घडले, आज कसे आहे. कोणी मध्येच बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, बोललेल्याचा न्यायनिवाडा होत नाही. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. "मी आज फक्त ऐकणार आहे" एवढे वाक्य पुरते. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जे जमेल ते सभासद त्यात टाकतात, आणि त्यातून जागेचे भाडे व चहा निघतो. बाहेरच्यांकडून देणगी न स्वीकारण्याचा त्यांचा दंडक आहे.

त्यांचा कार्यक्रम 'बारा पायऱ्यां'चा आहे. दारूपुढे आपले चालत नाही हे मान्य करणे ही पहिली पायरी. पुढे स्वतःच्या आचरणाचा प्रामाणिक हिशेब, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई आणि शेवटी दुसऱ्याला मदत असा क्रम आहे. जुना सभासद नवख्याचा वाटाड्या होतो, त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. जन्मभरासाठी शपथ कोणी घ्यायला लावीत नाही. आजचा दिवस न पिता काढावयाचा, उद्याचे उद्या पाहावयाचे, असा हिशेब असतो. ज्याने महिनाअखेरीची शपथ दहा वेळा मोडलेली आहे, त्याला हा चोवीस तासांचा हिशेब किती मोठा दिलासा देतो, हे त्याच्या चेहऱ्यावर पाहावे.

आपल्याकडे विशेषतः विचारला जाणारा प्रश्न धर्माचा आहे. बैठक चर्चच्या आवारात आहे, म्हणजे हे ख्रिस्ती धर्माचे काम काय? वस्तुस्थिती अशी की, या संघटनेचे आरंभीचे सभासद ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात होते. १९३९ पर्यंत ते तिच्यापासून वेगळे झाले आणि पुढे कोणत्याही पंथाशी वा पक्षाशी संबंध न ठेवणे हे त्यांच्या परंपरांचे तत्त्व झाले. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ज्याला जो समजेल तो. कोणाला तो विठ्ठल आहे, कोणाला येशू, आणि देव न मानणारे काही जण बैठकीलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. हेही ज्याला रुचत नाही त्याने मुक्तांगणसारख्या संस्थांच्या पाठपुरावा बैठका किंवा रुग्णालयातील गट-समुपदेशन पाहावे.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपण सीमेवरची माणसे. गोव्यात एकाच बैठकीत कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजी ऐकू येणे नवलाचे नाही, आणि आपले जे माजी विद्यार्थी बेळगावात स्थायिक झाले त्यांच्या कानी कन्नडही पडेल. कामाची भाषा कोणतीही चालते. पण लाजेची गोष्ट माणूस आईच्या भाषेतच सांगू शकतो. म्हणून ऐकायला कोणतीही बैठक चालेल, बोलायला मात्र आपल्या भाषेची शोधावी. ती नसेल तर दोघातिघांनी मिळून सुरू करावी. कोठलीही बैठक आरंभी दोघांचीच होती.

एक बैठक रुचली नाही म्हणून वाट सोडू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. निदान पाचसहा वेळा, आणि शक्य असल्यास दोनतीन ठिकाणी, जाऊन मग मत बनवावे.

उपयोग होतो काय?

चिकित्सक श्रोता हा प्रश्न विचारणारच. २०२० साली कॉक्रन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्रित केली होती. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने संपूर्ण अलिप्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर इतर मान्य मानसोपचारांनंतर सुमारे ३५ टक्के आढळले. म्हणजे हा रामबाण नव्हे. परंतु हाताशी असलेल्या उत्तम उपायांच्या तोडीचा, किंचित सरस आणि फुकट मिळणारा उपाय आहे.

आपल्याच भूमीतील एक प्रयोगही नोंदण्यासारखा आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी काहींना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मोजक्या भेटींत मदत केली. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी, आदल्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ४२ टक्के होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते १८ टक्के होते. हा अभ्यास पूर्ण पाशात सापडलेल्यांचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी माणसाशी नीट बोलणारे माणूस मिळाले तर फरक पडतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

औषधांविषयी दोन शब्द. दारूची ओढ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती बैठकीच्या आड येत नाहीत. कोणते औषध घ्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. बैठकीतील मित्राच्या सांगण्यावरून चालू औषध बंद करू नये.

घरच्यांसाठीही बैठक असते

पिणारा येण्यास तयार नसेल तर घरच्यांनी काय करावे? त्यांनी स्वतः जावे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ साली नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि १९५७ साली तिच्यातून किशोरवयीन मुलांसाठी 'अल-अटीन' निघाली. मुक्तांगणमध्येही मित्रांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. बाटली लपवणे, कामावर खोटी चिठ्ठी पाठवणे, उसने पैसे फेडत राहणे यांतून आजार सांभाळला जातो, माणूस सांभाळला जात नाही, हे तेथे कळते. सिंधूला आपल्यासारख्या दुसऱ्या सिंधूंशी बोलता आले असते तर, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. ज्या घरात स्त्रीच पाशात सापडली आहे तेथे मौन आणखी दाट असते. तिच्यासाठी बैठकीत स्त्रिया आहेत काय, ही चौकशी आधी व्हावी.

शाळेने काय करावे?

शेवटी ज्यांच्या व्यासपीठावरून मी बोलतो आहे त्यांच्याकडे वळतो. वडील पितात ही गोष्ट घरातील मूल कोणाला सांगत नाही. पण वर्गशिक्षकाला ती पुष्कळदा कळते. वही अपुरी राहते, डबा येत नाही, मूल शाळा सुटल्यावर घरी जायला नाखूश असते. अशा वेळी शिक्षकाने वडिलांना उपदेश करू नये. आईला किंवा वडिलांना एक चिठ्ठी द्यावी : बैठकीचे ठिकाण, वार, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक. त्यासाठी कार्यालयात अशी यादी तयार असावी. गटांच्या जागा आणि वेळा बदलतात, म्हणून दर सहामाहीला, परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबर, कोणी तरी दूरध्वनी करून ती तपासून घ्यावी. माजी विद्यार्थी संघाने आपल्या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर चार ओळींची जागा तिला द्यावी. वाचणारे कात्रण काढून ठेवतील आणि कोणासाठी ते कोणाला कळणार नाही.

आणखी एक विनंती आहे. संध्याकाळी सहानंतर आपल्या शाळेचे वर्ग रिकामे असतात. एखाद्या गटाने आठवड्यातून एक दिवस एक वर्ग मागितला तर तो द्यावा. ते भाडे देऊ करतील. ते घ्यावे, नाकारू नये, कारण स्वतःच्या पायावर उभे राहणे हा त्यांच्या बरे होण्याचाच भाग आहे. दारावर फलक लावू नये, येणाऱ्यांची नोंद ठेवू नये, आणि कोण आले होते हे शिपायाला विचारू नये. ज्या बाकांवर आपण मुळाक्षरे गिरवली, त्याच बाकांवर आपल्यातलाच कोणी माणूस एका संध्याकाळी पुन्हा पहिलीत बसेल. त्याला वर्ग उघडा सापडावा, इतकेच आपल्या हाती आहे.